दुसरा अर्धा अप्पांचा

॥ श्री ॥
तंजावूर, १२ जानेवारी २०२५

चि. श्रीविद्यास अप्पाचे अनेक आशीर्वाद.

परवा तुझा फोन आला तेव्हा मी नुसता हो हो म्हणत राहिलो. खरे सांगतो, निम्मेही ऐकू आले नाही. कानातले यंत्र नवे घेतले तरी तुझा आवाज पाण्याखालून आल्यासारखाच येतो. तेव्हा आपले कागदावरचेच बरे. तू लिहून फोटो पाठव, मी अक्षर मोठे करून वाचीन. या गल्लीत देवनागरी वाचणारा आता मी एकटाच उरलो आहे, त्यामुळे पत्र कुणाच्या हाती पडले तरी काळजी नाही.

तुझी वेंकूआत्या पापनाशमहून येऊन गेली. डांगर पचडी केली, मी वाळलो म्हणून मला रागे भरली, आणि जाताना तू नेमके काय काम करतेस ते पुन्हा विचारले. मी नेहमीप्रमाणे पाण्याच्या खात्यात आहे म्हणून सांगितले. मासे पाळणाऱ्या कंपनीत तू त्या माशांचे पाणी तपासतेस हे कळले असते तर बाईने पचडीचे भांडे उचलून परत नेले असते.

मी सिनेमाला का जात नाही, एवढे मात्र फोनवर स्पष्ट ऐकू आले. पोंगलचा नवा सिनेमा लागतो आहे, चांगला आहे म्हणतात. पण मला पहिल्या अर्ध्याचे काही कळत नाही हे तुला ठाऊक आहे. तो तुझ्या आईचा होता. ती जाऊन दीड वर्ष झाले, आता अर्ध्यातून शिरून मी काय समजणार? घरी बरे आहे. दुपारी दारापुढच्या तिण्णैवर, आपल्या ओट्यावर बसतो, नारळाची सावली सरकते ती पाहतो. त्यात दिवस जातो.

तब्येतीला जप. माया आहेच, ती तिकडच्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा
अप्पा

॥ श्री ॥
बेर्गन, १९ जानेवारी २०२५

ती. अप्पांस श्रीविद्याचे शि. सा. नमस्कार.

नारळाच्या सावलीचे वाचून मला राग आला आणि मग रडू आले. इथे सावली पडायला ऊन लागते, आणि ऊन अजून डोंगराच्या पलीकडेच आहे. सकाळी होडीतून पिंजऱ्यांकडे जाते तेव्हा पाणी, धुके आणि आकाश सगळे एकाच रंगाचे असते. बाटल्या भरायच्या, तापमान पाहायचे, प्रयोगशाळेत परत यायचे. कधीकधी वाटते मी जागीच नाही, कुणाच्या तरी स्वप्नात काम करते आहे.

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला मी तुमची आणि आईची गोष्ट सांगितली. मोठे काका अंथरुणाला खिळलेले, त्यांना एकटे सोडता येत नसे. म्हणून आई मला घेऊन इंटरव्हलपर्यंत सिनेमा पाही, मग थेटरच्या गेटवर तिकीट आणि मी, दोन्ही तुमच्या हवाली करी आणि घरी जाई. पुढचा अर्धा तुम्ही पाहायचा. दुसऱ्या दिवशी कॉफी पिताना दोघे आपापला अर्धा एकमेकांना सांगत असा. काका वारल्यावरही तुम्ही हे सोडले नाही, कारण दोघांनी पूर्ण पाहिला तर बोलायचे काय, असे आईचे म्हणणे. मैत्रिणीचा विश्वास बसला नाही. पूर्ण सिनेमा पाहणारी घरात मी एकटी होते हे सांगितल्यावर तर ती हसतच सुटली.

आता माझे ऐका. इथले जाफन्याचे तमिळ लोक महिन्यातून एका रविवारी थेटर भाड्याने घेतात. तुमचा पोंगलचा सिनेमा आज इथेही लागला. पहिला अर्धा मी पाहिला. पडद्यावर इंटरव्हल ही अक्षरे आली, पण इथे दिवे लागत नाहीत, सिनेमा तसाच पुढे धावतो. मी लोकांच्या गुडघ्यांना अडखळत अंधारातून बाहेर आले. तेव्हा दुसरा अर्धा मला ठाऊक नाही. तो तुम्ही पाहून लिहायचा.

तर इंटरव्हलपर्यंत असे: नायक लॉरी चालवतो. आई एकटी, नारळीच्या बागेची मालकीण, तोंडाने फटकळ. गावचा सावकार बाग हडपायला बघतो. बागेला आग लागते, आई धुरात कोसळते. इस्पितळाचे दार उघडते, डॉक्टर बाहेर येतो, चष्मा काढतो. इंटरव्हल.

अप्पा, ती जगते की नाही? माझ्यासाठी जा. लोभ कमी होऊ देऊ नये.

तुमची
श्रीविद्या

॥ श्री ॥
तंजावूर, २५ जानेवारी २०२५

चि. श्रीविद्यास अनेक आशीर्वाद.

हट्टी आहेस, अगदी आईवर गेली आहेस. गेलो बाई, गेलो. गर्दी पुष्कळ होती. गेटवरच्या माणसाने ओळखले.

डॉक्टरने चष्मा काढला तो फक्त पुसायला. ती बाई शुद्धीवर येते आणि पहिले काय मागते? कॉफी. इस्पितळातली कॉफी तोंडाला लावते आणि नर्सला सांगते की यात दूध नाही, नुसते गरम पाणी आहे, डबा आणा, मी करून दाखवते. सगळे थेटर हसले. मग मुलगा सावकाराला मारायला निघतो तर आई त्याला अडवते आणि सावकारालाच जेवायला बोलावते. पानावर बसल्यावर मेल्याला घास उतरत नाही, बाग परत देतो. शेवटी ती तिण्णैवर बसून कढीपत्ता निवडते आहे, मुलगा लॉरी पुसतो आहे. बराच वेळ तेच दाखवतात. मला ते फार आवडले.

पुढच्या सिनेमाचा पहिला अर्धा कधी पाठवतेस? वाट पाहतो. लोकरीचे मोजे घालत जा. लोभ करीत राहा.

तुझा
अप्पा

॥ श्री ॥
बेर्गन, १६ फेब्रुवारी २०२५

ती. अप्पांस शि. सा. नमस्कार.

तुमचे पत्र मी होडीत वाचले, मग प्रयोगशाळेत, मग पुन्हा बसमध्ये. कढीपत्ता निवडणारी बाई डोळ्यांपुढून हलत नाही. तुम्ही वाट पाहतो असे लिहिलेत, ते तर मी कितीदा वाचले. दीड वर्षात तुम्ही कशाची वाट पाहिल्याचे मला आठवत नाही.

आजचा सिनेमा प्रेमाचा. मुलगा मदुरैला छत्र्या दुरुस्त करतो, मुलगी टपाल कचेरीत. मुलीची बदली चेन्नईला होते. मुलगा जास्वंदीचे रोप घेऊन स्टेशनवर धावतो, गाडी सुटते. इंटरव्हल.

आज एक गंमत झाली. मी दार उघडून बाहेर निघाले आणि तेवढ्यात एक गृहस्थ आत शिरत होते. सुब्रह्मण्य त्यांचे नाव. लहानपणी जाफन्याहून इथे आले, आता फेरीबोटींची इंजिने दुरुस्त करतात. थेटरची तिकिटे तेच विकतात. उशिरा येणाऱ्यांसाठी आणि चहासाठी त्यांना बाहेर थांबावे लागते, म्हणून इतक्या वर्षांत त्यांनी एकाही सिनेमाची सुरुवात पाहिलेली नाही. दारातच त्यांनी तमिळमध्ये हळूच विचारले की आतापर्यंत काय झाले. मी छत्रीवाल्याचे सांगितले. ते मान डोलावून आत गेले, आणि मी बाहेर चहाच्या टेबलाशी उभी राहिले.

पुढचे तुम्ही लिहा. माया असू द्यावी.

तुमची
श्रीविद्या

॥ श्री ॥
तंजावूर, २२ फेब्रुवारी २०२५

चि. श्रीविद्यास अनेक आशीर्वाद.

नायिकेवर एक ओळ आणि तिकीटवाल्यावर अख्खा परिच्छेद. मला ऐकू कमी येते, दिसते चांगले. हे सुब्रह्मण्य मासे खातात की तुझ्यासारखे नुसते त्यांचे पाणी तपासतात?

सिनेमा काल पाहिला. गाडी सुटते खरी, पण पापनाशमला सिग्नल मिळत नाही. पोरगी खिडकीतून बघते तर दोन्ही बाजूंना भाताची शेते, पाटाला पाणी, एक म्हातारी बदकांना हाकारते आहे. ती उतरते. का उतरली हे तिलाही ठाऊक नसते. पाटाच्या कडेने चालत राहते. संध्याकाळी मुलगा मोपेडवरून तिथे पोचतो, रोप तसेच हातात. दोघे तिथेच राहतात. ती गावातल्या टपाल कचेरीत, तो छत्र्यांचे दुकान काढतो. भांडण नाही, खलनायक नाही, कोणी आजारी पडत नाही. असेही सिनेमे निघतात आता.

लोभ आहेच, तो विचारू नकोस.

तुझा
अप्पा

॥ श्री ॥
बेर्गन, ९ मार्च २०२५

ती. अप्पांस शि. सा. नमस्कार.

हे पत्र लिहायला मला फार जड जाते आहे. रागावू नका.

त्या दिवसापासून सुब्रह्मण्य आणि मी दर रविवारी बंदरावर फिरायला जातो. दुसऱ्या अर्ध्याविषयी एक अक्षर काढायचे नाही, तो माझ्या वडिलांचा, असे मी त्यांना बजावले होते. त्यांनी पाळलेही. पण गेल्या रविवारी बोलता बोलता ते चुकून बोलून गेले की पोंगलच्या सिनेमात आईच्या अंत्ययात्रेचा प्रसंग फार सुंदर घेतला आहे. मी थांबले. त्यांना वाटले मला ठाऊक असणारच. मग मी छत्रीवाल्याच्या सिनेमाचेही विचारले. मदुरैहून चेन्नईला जाणारी ती गाडी पापनाशमला जात नाही, अप्पा. हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण वाचताना मीही त्या पाटाच्या कडेने चालत होते.

काल वेंकूआत्याला फोन केला. ती म्हणाली, तुमच्या चपला दारात तशाच धूळ खात आहेत, देवळालासुद्धा तुम्ही जात नाही. मला वाटत होते मी तुम्हाला घराबाहेर काढले. मी इथे सगळ्यांना सांगत होते की माझे अप्पा पुन्हा सिनेमाला जाऊ लागले.

तुमचा अर्धा खऱ्यापेक्षा चांगला होता, हे मी खुशामत म्हणून लिहीत नाही. पण मला तो नको. मला तुम्ही बाहेर पडलेले हवे आहात.

आणखी एक. सुब्रह्मण्यांनी मला लग्नाचे विचारले आहे. मासे खातात, पण माझ्या घरी खाणार नाहीत म्हणतात. मी उत्तर दिलेले नाही. तुम्ही चार भिंतींत बसलेले असताना माझ्या तोंडून होकार निघत नाही.

माझ्यावरचा लोभ ढळू देऊ नये.

तुमची
श्रीविद्या

॥ श्री ॥
तंजावूर, २१ मार्च २०२५

चि. श्रीविद्यास अनेक आशीर्वाद.

आधी होकार देऊन टाक. माझ्यामुळे कोणाला ताटकळत ठेवू नकोस, तो सवयीने दारात उभा राहणारा माणूस दिसतो. लग्नाला मी येईन. पासपोर्टचे पाहायला सतीशकुमारला सांगितले आहे. तोच, तुझ्या आत्याचा मुलगा. त्यानेच आत्याला तुझ्या लग्नाचे आणि माशांच्या कामाचेही सांगून टाकले. ती दोन दिवस बोलली नाही, तिसऱ्या दिवशी मुलगा तमिळच आहे ना, एवढेच विचारले.

आता माझे. मी थेटरला गेलो नाही असे नाही. जानेवारीत गेलो होतो, तू सांगितलेस म्हणूनच. इंटरव्हलच्या वेळेला गेटशी उभा राहिलो, नेहमीसारखा. घंटा वाजली, लोक मुरुक्कू घ्यायला बाहेर आले. तुझी आई त्या गर्दीतून येई, तिकीट माझ्या हातात ठेवी आणि एका वाक्यात सगळे सांगून टाकी, की तो पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट चोर आहे, बाकीचे बरे आहेत. मी उभा राहिलो. सगळे बाहेर आले, सगळे परत आत गेले. गेटवरच्या माणसाने मला ओळखले हे खोटे नव्हते. त्याने मला ओळखले आणि मान खाली घातली. मग मी घरी आलो आणि तुला ती कॉफीची गोष्ट लिहिली. लिहिताना बरे वाटले, म्हणून पुढचीही लिहिली. पापनाशमचे चुकले खरे.

तुझे पत्र आले त्यानंतर बरेच दिवस मी तोंड फिरवून बसलो होतो. मग एका सकाळी मनात आले की इंटरव्हलला गेलो तर वाट पाहावी लागते, सुरुवातीलाच गेलो तर कोणाची वाट पाहायची? पोंगलचा सिनेमा अजून सकाळच्या खेळाला आहे. काल गेलो. नावे येतात ती मी आयुष्यात प्रथमच धडपणे पाहिली. किती माणसे लागतात ग एका सिनेमाला! ती बाई मला पहिल्या प्रसंगापासून आवडली. तू फटकळ एवढेच लिहिले होतेस, ती केवढी हसते ते लिहिले नव्हतेस. इंटरव्हलला दिवे लागले, मी जागेवरच बसून राहिलो.

नंतर ती गेली. सुब्रह्मण्य म्हणतात ते बरोबर आहे, फार सुंदर घेतले आहे. भर पावसात नारळीच्या बागेतून तिला नेतात. माझ्या पुढचा रांगडा माणूस हुंदके देत होता, शेजारची बाई पदराने नाक पुसत होती, आणि मी रडलो. घरी कोणी भेटायला आले की मला धीराने बसावे लागते. तुझी आई गेली त्या दिवशीसुद्धा मी आल्यागेल्याला बसायला पाट देत होतो. इथे अंधारात कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. विद्या, तुझी आई गेल्यापासून मी पहिल्यांदा रडलो, आणि सिनेमा संपेपर्यंत रडत राहिलो.

लोभ वाढता ठेव, दोघांनीही.

तुझा
अप्पा