दाराचा स्विच, पिवळी तार आणि माझे राहते घर

मी, रघुपती शंकरराव जाधव, वय बहात्तर, निवृत्त टूलरूम फोरमन, राहणार जयनगर, बेंगळुरू, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय, स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. डोके ठीक आहे असे त्यात लिहिले आहे. राग मोजायचे यंत्र त्यांच्याकडे नव्हते. आधीचे मृत्युपत्र मी परवा फाडले, कारण ते खोटे होते.

१. राहते घर मागच्या शेडसह, आणि बँकेत जे उरेल ते, माझी एकुलती एक मुलगी सुप्रीता हिला मिळावे. माझी पत्नी वसुमती अकरा वर्षांपूर्वी वारली. ती असती तर पुढचे काहीच घडले नसते, कारण तिच्यासमोर मी खोटे बोलू शकत नसे.

२. शेजारी भगवंतराव यांना काहीही देऊ नये. आवाजाच्या तक्रारी करून भागले नाही तेव्हा त्यांनी कुऱ्हाडीने माझी केबल तोडली. मी घणाने त्यांचे गेट तोडले. फिटंफाट झाली आहे. माझ्या तेराव्याला आले तर जेवू घालावे, पण जिलबी वाढू नये.

३. हत्यारे, मायक्रोमीटर आणि डायल माझा कारखान्यातला सोबती पिराजी याला द्यावेत. त्यात चोवीस नंबरचा पाना नाही. तो मी भट्टीत टाकला.

४. मिलिंग मशीन. याच सीएनसी मशीनवर मी एकोणीस वर्षे काम केले. कारखान्याने ते भंगाराच्या लिलावात काढले तेव्हा मला राहवले नाही. क्रेनने कंपाउंडवरून आत घेताना अर्धी भिंत पडली. त्याचे जुने कंट्रोल मेलेले होते. मी, सुप्रीता आणि तिचा नवरा पुष्कर, आम्ही तिघांनी दोन वर्षे खपून नव्या मोटारी, नवे स्क्रू आणि कॉम्प्युटरचे कंट्रोल बसवले. पुष्कर मूळ पुण्याचा, इथे संशोधन संस्थेत नोकरीला. प्रोग्राम त्याचा होता. हे मशीन सुप्रीताला मिळावे. अट एकच: दाराचा स्विच कोणीही बायपास करू नये. दार उघडे असेल तर कटर फिरता कामा नये. ही अट मोडणाऱ्याचा मशीनवरचा हक्क तिथल्या तिथे संपेल.

५. ही अट का, ते लिहितो. १४ जुलै २०१९, रविवार, सकाळी अकरा. मी पॅनेलमागे स्क्रीनपाशी होतो, तिथून मशीनचा बेड दिसत नाही. सुप्रीता दार उघडून आतला चुरा पुसत होती. मी हिरव्या बटणाकडे हात नेला, तो पुष्करला दिसला. तो तिच्यावर ओरडला, "सर! सर!" बाजूला सरक, असे. आम्ही तीनशे वर्षे कन्नडमध्ये भिजलेली माणसे. माझ्या कानाने 'सरी' ऐकले, म्हणजे ठीक आहे, चालू द्या. मी बटण दाबले. कटरने तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका नेली. रक्त पॅनेलपर्यंत उडाले. ती तिथेच खाली बसली.

आणि मी काय केले? मुलगी जमिनीवर बसलेली असताना मी आधी जावयाला मारले. चोवीसचा पाना त्याच्या खांद्यावर घातला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, तरी दुसरा तोंडावर घातला. त्याचे दोन दात पडले. त्याने हात उचलला नाही. "अप्पा, आधी तिला न्या," एवढेच म्हणत राहिला. शेवटी त्या दिवशी मदतीला आलेल्या पिराजीने मला ढकलून पाडले आणि दोघांना रिक्षात घालून दवाखान्यात नेले.

शेडमध्ये एकटा उरलो तेव्हा मी पॅनेल उघडून दोन इंचांची पिवळी तार काढली आणि गटारात फेकली. दर वेळी दार लावायचा कंटाळा, म्हणून तीन दिवसांपूर्वी मीच त्या तारेने दाराचा स्विच बायपास केला होता. कोणालाही सांगितले नव्हते. दार उघडे असले की मशीन फिरत नाही, हे सुप्रीताला मीच शिकवले होते. त्या भरवशावर तिने हात आत घातला.

६. पुढची सहा वर्षे मी सांगत राहिलो, "पुष्कर 'सरी' म्हणाला. स्विच जुना होता, ऐनवेळी अडकला." रिक्षावाल्यांकडून त्याने दोनच कन्नड शब्द उचलले होते, 'स्वल्प' आणि 'सरी', त्यामुळे सर्वांना पटले. ध चा मा मी केला आणि खापर त्याच्या डोक्यावर फोडले. सुप्रीताने बापावर विश्वास ठेवला. तिने नवरा सोडला. तोही 'मी ओरडलोच नसतो तर' म्हणत स्वतःला खात राहिला. मी लिहून देतो की पुष्कर निर्दोष आहे. मला माझीच किळस येते.

७. (नंतर जोडलेले कलम.) साक्षीदार म्हणून मी पुष्करला बोलावले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण त्याने वाचला. मग म्हणाला, "हे तुम्ही गेल्यावर तिला कळणार? म्हणजे तुम्ही सेफ. नो, अप्पा. आत्ता वाचा, तिच्यासमोर."

सुप्रीता माझ्याकडेच राहते; तिला समोर बसवून मी वाचले. तारेपाशी आलो तेव्हा सुप्रीता म्हणाली, "साकु अप्पा, पुरे." मी तरीही शेवटपर्यंत वाचले. तिने उजव्या हाताने माझ्या थोबाडीत मारली. चष्मा फुटला, ओठ फाटला. गालावर बोटे उमटली, ती दोनच. सदर थप्पड मला मान्य असून तिच्याबाबत माझी किंवा माझ्या वारसांची कोणतीही तक्रार नाही व राहणार नाही. मग ती पुष्करकडे वळली आणि ओरडली, "आणि तू! दात पडले तरी गप्प बसलास? माझ्याशी भांडला का नाहीस?" कागदावरचा डाग माझ्या ओठाचा आहे. त्यामुळे दस्त बाद समजू नये.

ठिकाण: जयनगर, बेंगळुरू
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: रघुपती शंकरराव जाधव

आमच्या डोळ्यांदेखत त्यांनी सही केली, सही त्यांचीच आहे:

१. डॉ. प्रतिमा, दाखला देणाऱ्या, राहणार जयनगर (सही)

२. पुष्कर, राहणार इलेक्ट्रॉनिक सिटी (सही). हा पत्ता खोडून इथला लिही, असे सुप्रीताने त्याला सांगितले आहे. त्याने पेन हातात धरले आहे, अजून खोडलेले नाही.