बदरी परफॉर्मन्स, कुंभकोणम

प्रिय गिरिधरा,

रविवारी तुझा फोन आला तेव्हा तुझी आई शेजारीच बसली होती, म्हणून मी नुसतं हूं हूं करत राहिलो. पुण्याची नोकरी सोडायची, पोंगलच्या आत राजीनामा द्यायचा, इकडे येऊन आपली शर्यतीच्या गाड्यांची शेड, 'बदरी परफॉर्मन्स', पुन्हा उभी करायची, हे सगळं तू एका दमात सांगून टाकलंस. तेव्हापासून आई तुझी खोली झाडतेय. मला मात्र घास गोड लागेना. फोनवर माझं तोंड उघडत नाही हे तुला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसलो. मराठी जुनाट वाटली तर हस खुशाल. तुझ्या ऑफिसातल्यांना आपल्या घरचं बोलणं पेशव्यांच्या दूतासारखं वाटतं म्हणे. त्यांना सांग, आम्ही पेशव्यांच्याही आधी इकडे आलो.

तू यायचं म्हणतोस, तर कशावर येतोयस ते नीट ऐक. मी मायिलाडुतुरैच्या रस्त्यावर बस-लॉऱ्यांची इंजिनं दुरुस्त करत होतो. एकदा कोइमतूरच्या एका शर्यतवाल्याची ठेंगणी गाडी माझ्या दारात बंद पडली. इंजिनात हवा नेणारी नळ्यांची जुडी असते ना, मॅनिफोल्ड, ती तडकली होती, आणि नवी विलायतेहून यायची होती. मला वाटलं, इथं स्वामिमलईत लोक मेणाचा देव करतात, त्यावर कावेरीची माती लिंपतात, मेण वितळवून धातू ओततात, त्यांना नळ्या काय जड? मोडकी जुडी घेऊन मी तिथल्याच एका मूर्तिकाराकडे, महालिंग स्थपतीकडे गेलो. त्यानं ओतलेली जुडी काय देखणी निघाली म्हणून सांगू! वळणांवरून हात फिरवत बसावं. फक्त आत भोक नव्हतं. अख्खी जुडी भरीव! मी कपाळाला हात लावला, तर तो माझ्यावरच तापला. पूजेचा देव भरीवच ओतायचा, पोकळ ओतला तर दोष लागतो, हे त्याच्या घराण्याचं शिक्षण. माझ्या इंजिनाला त्यानं देवाचा मान दिला होता आणि मी त्याला शिव्या घालत होतो. ती जुडी आपल्या माजघरात आहे, शुक्रवारी आई तिला कुंकू लावते, कशाला ते विचारू नकोस.

पुढच्या खेपेला मातीचा गाभा घालून त्यानं पोकळ ओतली, तोंड वाकडं करून का होईना. मी आतून घासून गुळगुळीत केली. गाडी इरुंगाट्टुकोट्टैच्या शर्यतीत पहिली आली आणि आपलं नशीब फळफळलं. चेन्नई, कोइमतूर, बंगळूर, कुठून कुठून लोक यायचे. मातीचा साचा फोडल्याशिवाय नग बाहेर निघत नाही, म्हणून आपला प्रत्येक नग एकुलता एक, आणि शर्यतवाल्यांना त्याचंच वेड. आई पहिली नवी जुडी घेऊन गोविंदपुरमला विठोबापुढे ठेवून आली. तिथल्या पुजाऱ्यांना ते कुठलंसं वाद्य वाटलं, वाजवून दाखवा म्हणाले. किती हसलो होतो आम्ही! मी तेव्हा सुखी होतो, गिरिधरा. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

मग शर्यतींत सीलबंद इंजिनं आली, झाकण उघडलं की गाडी बाद. परदेशी नळ्या घरपोच यायला लागल्या. पोरं लॅपटॉप जोडून इंजिनाची ताकद वाढवू लागली, त्यांचे हातसुद्धा काळे होत नाहीत. आता विजेच्या गाड्या, त्यांना हवा ओढावीच लागत नाही, आपली नळी लावायची कुठं? तू म्हणालास, जुन्या गाड्या जपणारे हौशी लोक आहेत. आहेत रे. मागे एकजण आला होता, फोटो काढले, कॉफी प्याला, वाहवा केली, गेला. आषाढात महालिंग गेला. त्याचे मुलगे देव ओततात आणि परदेशी पाठवतात, नळ्यांचं नाव काढलं की विषय बदलतात. धीर धर म्हणशील, तर धीर धरूनच इतकी वर्षं काढली. सकाळी शटर उघडायचं, लेथवरची धूळ पुसायची, संध्याकाळी शटर पाडायचं. तुझ्याकडे शिक्षण आहे, उमेद आहे, पण गिऱ्हाईकच नसलेल्या धंद्यात उमेद ओतून काय होणार? मी त्यात म्हातारा झालो, तू होऊ नयेस.

आता जे सांगायला बसलो ते सांगतो. आईनं तुला ज्या ऑर्डरी आल्या म्हणून सांगितलं त्यातली एकही आलेली नाही. तू गेल्यापासून तिला घर खायला उठतं. तू यावास म्हणून ती बोलत गेली आणि मी ऐकूनही गप्प राहिलो, कारण मलाही तू हवा होतास. पण तू राजीनाम्याचं काढलंस आणि माझं धाबं दणाणलं. गुरुवारी मी शेड तिरुभुवनमच्या एका रेशीमवाल्याला देऊन टाकली, लेथ भंगारात घातला. माझं मन फिरायच्या आत करायचं होतं. आईला यातलं काही माहीत नाही. ती डबा भरून देते आणि मी महामहम तळ्याच्या पायऱ्यांवर बसून जेवतो. तेव्हा राजीनामा देऊ नकोस. आणि आईला फोन करून सांग की विचार बदलला, तुलाच यावंसं वाटत नाही. शेडचं मी नंतर तिला सांगेन, धंदा चालेना म्हणून दिली, एवढंच. ती रडेल, तुला नाही नाही ते बोलेल, पण पुढच्या रविवारी तुझ्या फोनची वाट बघत बसेल. मी तुला अडवलं हे कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, आणि या घरात मला दुसरं कुणी नाही.

तुझाच,
अप्पा