कुणाच्या छपराखाली किती रात्री

पोर्टलंड, ११ मार्च १९९४

चि. लूसियन यास,

अकरा मिनिटांच्या थोरलेपणाचे अनेक आशीर्वाद. आईची कंबर कशी आहे? सार्डिनच्या कारखान्यात अजून उभंच राहावं लागतं का?

विद्यापीठाचं पत्र आलं. प्रवेश मिळालाय, मदत मात्र शून्य. घरच्यांनी वर्षाला एकोणीस हजार डॉलर भरावेत असा त्यांचा हिशेब आहे. हे घरचे म्हणजे कोण, तर बाबा आणि कॅरल. बाबांचा पगार तुला ठाऊकच आहे. पण कॅरलच्या तीन फर्निचरच्या दुकानांची कमाईही माझ्या नावापुढे धरलीये.

रात्री जेवताना विषय काढला. कॅरल शांतपणे म्हणाली की तिनं लग्न रोलंडशी केलंय, त्याच्या मुलांशी नाही; लग्नाआधी वकिलासमोर तसा कागद झालाय, हवा तर वाचून दाखवते. बाबा मान खाली घालून मांस कापत बसले. बराच वेळ कापत होते.

तुला काय आलं ते लगेच कळव. फॉर्म आपण एकाच आठवड्यात भरलेत, आईबाप तेच, मार्क माझे चार जास्तच. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
मारिएट


जोन्सपोर्ट, २० मार्च

प्रिय मारिएट,

पत्र पोचलं. आईची कंबर तशीच.

मला सगळं मिळालं. फी, राहणं, जेवण, सगळं. खिशातून एक डॉलरही जाणार नाही. तुझ्यासमोर लिहायला लाज वाटते, पण खरं सांगायचं तर आनंदही होतो. सहा वर्षांत या घरात आलेली ही पहिली चांगली बातमी.

शाळेतल्या पिंकमबाईंना विचारलं. त्यांनी समजावलं, की आईबाप वेगळे झालेले असले की मूल कुणाचं हे कुणी बघत नाही. फॉर्म भरण्याआधीच्या बारा महिन्यांत ते कुणाच्या छपराखाली जास्त रात्री झोपलं, ते बघतात. त्या छपराखालची सगळी कमाई धरायची, सावत्र आईचीसुद्धा. त्यांचा वकिलाचा कागद कुणी उघडतही नाही. ब्लूबेरीच्या हंगामात तू आमच्याकडे राहिलेल्या रात्री त्यांनी मोजल्या. त्रेसष्ट. पुरत नाहीत.

वाईट वाटतंय. पण एक बोलतो, राग मानू नकोस. बाबांकडे जाणं तू स्वतः निवडलंस. चांगली बॅग घेऊन गेलीस आणि मागे वळून पाहिलंही नाहीस. आई आठवडाभर रडत होती. दोन वर्षं तू तीन न्हाणीघरांच्या घरात राहिलीस, मी पहाटे चारला मामाच्या बोटीवर हेरिंगच्या वासात. आता कुठं पारडं जरा फिरलंय, एवढंच.

माया कमी करू नये.

लूसियन


पोर्टलंड, २६ मार्च

लूसियन,

आशीर्वाद वगैरे या वेळी राहू दे.

मी निवडलं नव्हतं. आईनं मला कपडे धुवायच्या दुकानात, मशीन फिरत असताना सांगितलं. कारखाना आठवड्याचे तीनच दिवस चालत होता. तिला दोघं झेपत नव्हती. लूसियन बोटीवरून पैसे आणतो, म्हणाली, तू शहाणी आहेस, तिकडे निभावून नेशील. तुला कळलं तर तूही घर सोडशील, म्हणून मला शपथ घातली. वळून पाहिलं नाही कारण पाहिलं असतं तर गेले नसते. आणि ती चांगली बॅग तिनंच भरली होती.

इथं मी बॉयलरशेजारच्या खोलीत झोपते. कॅरलचं शिवणयंत्र तिथंच आहे. तिला शिवायचं असलं की मी स्वयंपाकघरात अभ्यास करते. तुझी ती तीन न्हाणीघरं शनिवारी मीच घासते.

काल विद्यापीठाच्या कचेरीत फोन केला. घरचे पैसे द्यायला नाही म्हणतात, असं सांगितलं. पलीकडचा माणूस बिचारा सभ्य होता. म्हणाला, नाही म्हणणं हे कारण धरता येत नाही. तुम्ही चोवीस वर्षांच्या झालात, लग्न केलंत किंवा सैन्यात नोकरी करून आलात, तर फक्त तुमचीच कमाई धरू. मी त्याला विचारलं की यातलं सगळ्यात लवकर काय होईल. तो हसला नाही.

आईला विचार, मी खोटं बोलतेय का.

मारिएट


जोन्सपोर्ट, ४ एप्रिल

प्रिय मारिएट,

विचारलं. आई मासे कापायची कात्री पुसत होती. हो म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली की बोटीवर तू असतीस तर मला पाठवलं असतं. मग बाहेर जाऊन पायरीवर बसली. मी गेलो नाही तिच्यामागे.

पिंकमबाईंना विचारलं, माझं मिळालेलं अर्धं तुला देता येईल का. नाही येत. मग आई म्हणाली, तू वर्षभर इथंच होतीस असं लिहून देते, सही करते. पण तुझी शाळेची हजेरी पोर्टलंडची. पकडलं गेलं तर माझंही जाईल, आणि वर आईवर खटला. तरी तू हो म्हण, मी कागद आणतो.

मी तुला जे लिहिलं ते मला परत घेऊ देता आलं तर बघ. उत्तर पाठव. शिव्या दिल्यास तरी चालेल, पण पाठव.

लूसियन


पोर्टलंड, २१ जून

प्रिय लूसियन,

कागद आणू नकोस. मी सैन्यात भरती झाले. चार वर्षांची सही केलीये, सोमवारी निघते. बाबा बसपर्यंत सोडणार आहेत. आज त्यांनी वीस डॉलर हातात कोंबले आणि कॅरलला सांगू नकोस म्हणाले. मी घेतले.

आईला लिहिलेलं नाही. तूच सांग. ती रडली तर रडू दे, गप्प बसली तर बसू दे. मला कळवू नकोस.

तू सप्टेंबरला जायचंस. माझ्यासाठी म्हणून बोटीवर थांबलास तर त्याचंही ओझं मलाच वाहावं लागेल. तू लिहिलंस ते परत घेता येईल का, ठाऊक नाही. अजून बोचतंय, खोटं कशाला सांगू.

भरतीच्या फॉर्मवर, मला काही झालं तर कुणाला कळवायचं, अशी एक ओळ होती. आधी आईचं नाव लिहिलं, खोडलं. बाबांचं लिहिलं, तेही खोडलं. सार्जंटनं दुसरा कोरा फॉर्म दिला. त्यावर तुझं नाव लिहिलं आणि विद्यापीठाचा पत्ता. खोली क्रमांकाची जागा रिकामी आहे. मिळाली की कळव.

मारिएट