जाड पाइपातलं गार पाणी

पोरी,

झोपली आहेस, उठवत नाही. पहाटे मुद्दाम तुझी चूक काढायला गरम पाण्याचा नळ सोडला. दहापर्यंत मोजायच्या आत बोट भाजलं.

गीझर गच्चीवर, बाथरूम खाली. पाणी भरपूर यावं म्हणून घर बांधताना मीच सगळ्यात जाड पाइप टाकला. रात्रभर त्यात गार झालेलं पाणी आधी बाहेर पडणार, मगच गरम येणार. पाइप जेवढा जाड, तेवढं ते गार पाणी जास्त. चाळीस वर्षं प्लंबिंग करून एवढं डोक्यात शिरलं नाही. तुझी आई रोज अर्धी बादली ओतून देताना कुरकुरायची आणि मी गीझरला शिव्या घालायचो.

परवा तू तो जाड पाइप उखडून बारीक टाकलास, तेव्हा ‘पुस्तकं वाचून कुणी प्लंबर होत नाही’ असं चारचौघांत म्हणालो. ते मागे घेतो. चारचौघांतही घेईन.

माझा मोठा पाना तुझ्या पिशवीत ठेवलाय. दारावरची पाटी रंगाऱ्याकडे नेतोय. माझ्या नावाच्या वर तुझं नाव घालून आणतो, चांगल्या जाड अक्षरात. तिथे जाड चालतं.

— बाबा