पक्की निगेटिव्ह

९ जानेवारी
आले एकदाची! दोन बॅगा, एक कुकर आणि मी. प्रसूतिगृहाच्या मागे लॅब, लॅबच्या डोक्यावर माझी खोली. जिना उतरला की कामावर हजर, उशीर झाला म्हणायची सोयच नाही. डॉक्टरीणबाई प्रेमळ वाटल्या. मुलाखतीत त्यांनी अनुभव-बिनुभव काही विचारला नव्हता. पिशवी खरंच काढलीय ना, आणि अंडाशयंही ना, एवढंच खोदून खोदून विचारलं होतं. मी म्हटलं, सगळं घर रिकामं केलंय, आता भाडेकरू ठेवायचा नाही. त्या केवढ्या हसल्या!

आधीच्या टेक्निशियनबाईंचा पांढरा कोट मला मिळाला. पोटाशी जोड देऊन वाढवलेला, गळ्याजवळची दोन बटणं तुटलेली. बाई चांगलीच खात्यापित्या घरची असणार. मी बटणं शिवून टाकली.

११ जानेवारी
इथली रीत गमतीची आहे. रोज सकाळी दिवस गेल्याच्या तपासण्या सुरू करण्याआधी पट्ट्या नीट चालतात का ते बघायचं. त्यासाठी एक नमुना नक्की 'हो'वाला लागतो, एक नक्की 'नाही'वाला. 'हो' वॉर्डातून येतो. 'नाही' मी स्वतः! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्यासारखी पक्की निगेटिव्ह शोधून सापडत नाही. खरं तर हे नियमात बसत नाही, पण नव्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात तोंड कशाला चालवा? तर आता रोज सकाळी माझी एक रेघ. एकटीच, माझ्यासारखी. मला तिची मजाच वाटते.

२ फेब्रुवारी
आज माझ्या पट्टीवर दोन रेघा आल्या. मी पट्ट्यांचा डबा बदलला. पुन्हा दोन. वॉर्डातल्या बाईचा नमुना आणि माझा, अदलाबदल झाली असणार. धांदरटपणा माझाच.

४ फेब्रुवारी
अदलाबदल नाही. आजचं रक्त तपासलं, आणि परवाच्या नमुन्याच्या बाटलीत उरलेलं रक्तही. ज्या संप्रेरकाने पट्टीवर दुसरी रेघ उमटते, त्याचा आकडा दोन दिवसांत दुप्पट झालाय. कोवळ्या गर्भाची वार बनू लागली की ती हे संप्रेरक सोडते. अंडाशयाला तिचा निरोप असतो, की मी आलेय, पाळी थांबव, घर सांभाळ. पण माझ्याकडे निरोप घ्यायला अंडाशयच नाही! मग हे कुणाला सांगतंय?

गाठ असेल. क्वचित गाठीही हे सोडतात. गाठच असू दे रे देवा, म्हणून हात जोडणारी मी पहिलीच बाई असेन.

२० फेब्रुवारी
डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. ठोके ऐकू आले. घोडा दौडल्यासारखे. त्यांनी माझं अभिनंदन केलं. मी विचारलं, बाळ आहे कशात? त्या म्हणाल्या, पोटात, आणखी कशात? मी मला मोकळं करा म्हणून पाया पडले. त्या म्हणाल्या, आत पिशवीच नाही तर रिकामं काय करायचं?

१ मार्च
मोठ्या इस्पितळात गेले, ऑपरेशनची फाइल घेऊन. तिथल्या डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं, फाइलकडे पाहिलं आणि फाइल मिटली. पिशवीशिवाय दिवस राहत नाहीत, तुम्हाला राहिलेत, अर्थात पिशवी आहे. फाइल दुसऱ्या कुणाची तरी असेल. मी व्रण दाखवला. ते म्हणाले, कशाचाही असू शकतो.

रात्री ताईला फोन केला. तिने ती काढलेली पिशवी ट्रेमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हती. ती आनंदाने रडायलाच लागली. म्हणाली, त्यांनी दुसऱ्या कुणाची दाखवली असेल गं, तू आता वाकून काही उचलू नकोस.

अगं ताई, तू तरी!

२८ मार्च
झोप, नुसती झोप. जीव घाबरलेला असतो आणि अंग सैल पडतं. वॉर्डात कुणाचं तरी बाळ रडलं तर माझा कोट पुढून ओला झाला. दूध. मला. सगळ्यात वाईट हे की क्षणभर मला बरं वाटलं. इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं. हे माझं वाटणं नाही, रक्तात कुणीतरी कालवलेलं आहे. कळतं सगळं, पण थांबवता येत नाही.

१७ एप्रिल
लाथ मारली. ओटीपोटात नाही. बरगड्यांखाली. त्याला धरून ठेवायला काहीच नाही, त्यामुळे फिरतं. खाली वाट नाही, टाके घालून बंद केलेलं आहे —

झाडूवाल्या मावशीला आधीच्या बाईंबद्दल विचारलं. म्हणाली, त्यांचीही पिशवी काढलेली होती. त्याही रोज सकाळी नमुना द्यायच्या. बाळंतपण झालं का, विचारलं. ती म्हणाली, झालं की, बाळ गोरंगोमटं होतं. आणि बाई? मावशी फडकं पिळत राहिली.

३० एप्रिल
कोट आता पोटाशी सैल आहे. छातीशी घट्ट.

बॅग भरली होती. जिन्यापर्यंत गेले आणि पाय वळले, आपोआप, परत वर. अंगाला जायचंच नाही. मी आत ओरडतेय आणि हात पोट कुरवाळतायत —

६ मे
ताई आलीय. उशाशी बसून विणतेय. इवलासा मोजा. तिला सांगितलं, मला वाचव. ती म्हणाली, पहिलटकरणीला असंच वाटतं.

डॉक्टरीणबाई तपासून गेल्या. चौथ्याच महिन्यात म्हणतात, दिवस भरले. डोकं वर आहे. म्हणाल्या, काळजी नको, बाळं हुशार असतात, जिथे वाट असते तिथून —

९ मे
घास उतरत नाही. आवाज बसला. म्हणून फक्त लिहिते —

खाली नवीन बाई आल्यात मुलाखतीला. हसतायत. मी वरून हाक मारायला तोंड उघडलं, आणि ते आतून —

नको. अजून तोंड मिटून —

मावशी ऊन पाणी घेऊन आली. ताई म्हणते, लिहिणं पुरे, जोर लाव. गळ्याशी — वरची दोन बटणं तटकन —