‘मेजवान्या बंद करा’ आणि त्याखालचा बेडूक

जूनो, अलास्का
मार्च १८९४

तीर्थरूप एब्राहममामांच्या चरणी भाचा इझायाचा नमस्कार (हात शाईने बरबटलेत, म्हणून लांबूनच). तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा खोकला गेला का? इकडे आम्ही मजेत आहोत. आम्ही म्हणजे मी आणि छापखान्याचं यंत्र. तबिथा माहेरी गेली आहे.

त्याचं असं झालं, आमच्या संपादक पाद्रीबाबांनी ‘मेजवान्या बंद करा’ असा जळजळीत लेख दिला. आपले लोक एकमेकांना जेवू घालून भिकेला लागतात, वगैरे. मी मुकाट्याने खिळे जुळवले (पोट त्याच्यावर आहे), पण लेख तोकडा पडला आणि खाली चार बोटं जागा उरली. पाद्रीबाबा म्हणाले, “टाक काहीतरी चित्र.” मी देवदाराची ढलपी घेऊन कोरायला बसलो. आता रोज सकाळी डोळे उघडले की तबिथाच्या घोंगडीवरचा बेडूक दिसतो, त्यामुळे हात आपोआप बेडकाकडेच वळला. आपण लांडग्याच्या घराण्यातले! बेडूक हे तिच्या माहेरचं कुलचिन्ह, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मेजवान्या घालून मिरवलेलं. तो मी न विचारता, फुकटात छापला, वर मेजवान्यांना शिव्या घालणाऱ्या लेखाखाली.

दुसऱ्या दिवशी सासूबाई छापखान्यात हजर. सासू-जावयाने थेट बोलायचं नाही हे आपलं वळण त्यांनी रागातही सोडलं नाही. माझ्याकडे पाठ फिरवून त्यांनी यंत्राला खडसावलं, “बाई गं, तुझ्या त्या शहाण्याला सांग, आमचा बेडूक काय रस्त्यावर पडलाय? भरपाईची मेजवानी होईपर्यंत पोरगी माझ्याकडे राहील!”

मीही यंत्रालाच म्हणालो, “आईंना सांग, चुकलो.”

“चुकलो म्हणून कुणाचं पोट भरतं का, विचार त्याला!”

यंत्र बिचारं तेल गाळत उभं होतं.

मामा, घर खायला उठतं. तिच्याशिवाय मला करमत नाही. हे यंत्राला सांगून उपयोग नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं. बाकी तुम्हाला कसलाही त्रास द्यायचा नाही.

तुमचा,
इझाया

ता. क. घराण्याच्या वतीने क्षमेचं भाषण मामानेच करायचं असतं, हे तुम्हाला मी काय सांगणार! येताना होडीत सुका मासा, सीलची चरबी आणि घोंगड्या जरा सढळ हाताने घ्या.

आणखी एक. बोलावणी छापून वाटली. यजमान म्हणून तुमचं नाव आहे. पाद्रीबाबाही येणार आहेत. ‘नुसतं बघायला’ म्हणाले, पण जेवायला काय काय आहे, हे दोनदा विचारून गेले.

शेवटचं. छापण्याआधी मजकूर तपासायला तबिथाकडे पाठवला होता. तिने तुमच्या नावाआधी ‘उदार’ शब्द घातला आणि मेजवानी आठवडाभर अलीकडे आणली. तेव्हा पत्र मिळताच निघा.