ह्यांच्या जागी मी

७ मे १९६९, अंकारा
ह्यांच्या माजी खासदारांच्या क्लबात आज अर्धा तास वाद, कशावरून? तर खिडकी उघडायची की नाही! शेवटी मतदान. हात वर, मोजणी, अध्यक्षांची घंटा – ‘सूचना मंजूर!’ खालचा मिठाईवाला जिन्यातून ओरडतो, ‘काय हो, वर सरकार पडलं की काय?’

हसू दे मेल्याला. नऊ वर्षांपूर्वी लष्करानं ह्या माणसांचं सरकार उलथवलं, तुरुंगात टाकलं, निवडणुकीला उभं राहायचा आणि मत द्यायचासुद्धा हक्क काढून घेतला. पण एकानं तरी मान खाली घातली? सुटकेच्या दिवशी ह्यांनी माझ्याकडून कडक इस्त्रीचा शर्ट मागवला होता. तुरुंगातून नाही, लग्नसमारंभातून बाहेर पडतोय असे चालत आले! माझा नवरा आहे तो.

१५ मे
खालच्या सभागृहानं हक्क परत द्यायला मंजुरी दिली. सेनापतींनी डोळे वटारले आणि सेनेटनं प्रकरण गुंडाळून ठेवलं. भित्रे कुठले! हे जेवले नाहीत.

३ जून
अध्यक्ष हुलूसी बे, एके काळचे मंत्री, म्हणाले, ‘ऑक्टोबरात निवडणूक. आपल्याला बंदी आहे, आपल्या घरच्यांना नाही. त्यांना उभं करू.’ कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ. आम्हाला मूलबाळ नाही आणि दीर तर पोलीस दिसला की रस्ता ओलांडतो. ‘वेदातच्या घरचं कोण?’ सगळे ह्यांच्याकडे बघायला लागले. मग कुणीतरी म्हणालं, ‘वहिनी आहेत की!’ आणि हशा. हेसुद्धा हसले! म्हणे, ‘ही बोलायला उभी राहिली तर बसणार कधी?’

मी कॉफीचा ट्रे आपटलाच. ‘तुम्ही आत होतात तेव्हा मनिसातल्या तुमच्या मतदारांच्या लग्नांना कोण गेलं? मयताला कोण गेलं? त्या खटारा बसमधून कंबर कुणाची मोडली?’ अध्यक्षांना घंटा वाजवायचंही सुचेना. मग हात वर. मंजूर!

तिथंच सगळ्यांसमोर शब्द दिला – ह्यांचे हक्क परत आले की मी राजीनामा देणार. पोटनिवडणूक होईल, हे उभे राहतील. जागा त्यांची आहे.

२१ ऑगस्ट, मनिसा
घसा पार बसलाय. गावोगाव ताक पिऊन पोट तट्ट. ‘वेदात बेंची बायको आली,’ म्हणून खुर्च्या पुसतात; ह्यांच्या नावापुढचं मानाचं ‘बे’ अजून कुणी विसरलं नाही. ऊर भरून येतो. पण आज डोंगराकडच्या गावात एका आजीनं ह्यांच्याकडे बोट दाखवलं, ‘बाई, तुझा कोट धरून उभा आहे तो कोण गं?’

‘मी उमेदवारांचा नवरा, आजी,’ हे म्हणाले. लोक खूप हसले. परतीच्या रस्त्यावर मात्र हे खिडकीबाहेर बघत बसले.

आजीची सून बाळंतपणाला नेताना गाडीतच गेली. गावाला सुईण नाही. मी म्हटलं, आणून देईन. माझ्या नावानं शब्द दिला, ह्यांच्या नाही. आत्ता लिहिताना लक्षात आलं.

१२ ऑक्टोबर
शाळेच्या फाटकापर्यंत हे बरोबर आले. आत एकटी मी. मत देऊन बाहेर आले तर भिंतीला टेकून सिगारेट ओढत होते. ‘गर्दी आहे का गं आत?’ एवढंच विचारलं. मला रडूच फुटलं.

१४ ऑक्टोबर
निवडून आले! मी!!

७ नोव्हेंबर, अंकारा
सेनेटनं हक्क परत द्यायचं मंजूर केलं! इतके दिवस कॉरिडॉरमध्ये एकेका सेनेटरची बाही धरून उभी होते. ‘बाई, सोडा आता, कोट फाटेल!’ फाटू दे म्हटलं. घरी येऊन सांगितलं तर हे खुर्चीत बसून ढसाढसा रडले. ह्यांना रडताना कधी पाहिलंच नव्हतं, तुरुंगाच्या जाळीआडसुद्धा नाही.

९ नोव्हेंबर
राजीनामा लिहायला बसले. दोन ओळींचं काम. सकाळपासून जमेना.

सोडवत नाही! खोटं कशाला लिहू? सुईणीचा प्रश्न आत्ता कुठे सभागृहात मांडलाय. सचिव लोक मला पाहून उठून उभे राहतात – वेदात बेंच्या बायकोला नाही, मला! पण नऊ वर्षं ज्या दिवसाची ह्यांनी वाट पाहिली, तिथं मीच आडवी येऊ? ह्यांच्याशी बोलायची हिंमत होईना. शेवटी लिहिल्या एकदाच्या त्या दोन ओळी.

११ नोव्हेंबर
क्लब खचाखच. हुलूसी बे उठले, ‘वहिनींचे आभार मानून त्यांचा राजीनामा घ्यावा. अनुकूल असतील त्यांनी हात वर करावेत.’ मी पर्स उघडली. सगळे हात वर. ह्यांचे दोन्ही हात विजारीच्या खिशात.

‘अरे वेदात, तुझ्याच जागेसाठी चाललंय हे!’

‘माहीत आहे,’ हे म्हणाले. ‘नऊ वर्षांनी मत परत मिळालंय. पहिलं मत हिला.’